‘आपण लेखणीचे लोक’ म्हणजे नेमके कोण? कायस्थ प्रभू, वतनं आणि घरातले मोडी कागद

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. आडनाव कारखानीस, मूळ गाव महाडच्या बाजूचं, घराणं सीकेपी, म्हणजे चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. आजोबा सांगायचे, ‘आपण लेखणीचे लोक.’ घरात बाजीप्रभूंचा अभिमान. आता मुलगी इतिहास शिकते आहे आणि तिच्या वाचनात आलं की कायस्थ म्हणजे राजाचे कारकून, रयतेला पिळणारे. तिनं विचारलं, आपण नक्की कोण, क्षत्रिय की कारकून? अभिमान बाळगायचा की लाज? आणि घरातल्या पेटीत जे मोडी रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले मोडी कागदांचे गठ्ठे आहेत, त्यांतून याचं उत्तर मिळेल का?

मी मोडी कागद वाचतो. बरीच वर्षं हेच काम करतो आहे, सरकारी दप्तरांतले कागद आणि लोकांच्या घरचेही. असे प्रश्न माझ्याकडे नेहमी येतात आणि बहुतेकांना खरं तर एक दाखला हवा असतो: आमचे पूर्वज अमुक वर्णाचे होते, असा. तो दाखला तुमच्या रुमालात सापडणार नाही. सापडेल ते वेगळं आणि माझ्या मते जास्त मोलाचं. तुमच्या घरानं कोणतं दप्तर सांभाळलं, कोणाच्या वतीनं सांभाळलं आणि त्या दप्तरावर कोणाचं पोट अवलंबून होतं, हे तिथं कळेल. लेखक जातीचा इतिहास म्हणजे मुळात दप्तर कोणाच्या ताब्यात होतं याचा इतिहास आहे. मान तिथूनच आला आणि रोषही तिथूनच.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगून टाकतो. आडनावावरून जात ठरवता येत नाही. देशपांडे, कुलकर्णी, चिटणीस, फडणीस, सबनीस, पोतनीस ही सगळी कामांची नावं आहेत. देशस्थांत कुलकर्णी आहेत, कोकणस्थांत आहेत, सारस्वतांत आहेत, सीकेपींत आहेत, कर्नाटकाच्या बाजूला लिंगायतांतही आहेत. ‘प्रभू’ हे नाव तर गोव्याच्या सारस्वतांतही सापडतं आणि मुंबईचे पाठारे प्रभू ही आणखी वेगळी ज्ञाती. त्यामुळे मी कुटुंबाला आधी आडनाव विचारतच नाही. गाव कोणतं, वंशपरंपरेचं वतन कोणत्या तर्फेत (परगण्याच्या कोणत्या भागात), कुलदैवत कोणतं, हे विचारतो. ताम्हिणीची विंझाई किंवा कार्ल्याची एकवीरा असं उत्तर आलं आणि गाव महाड, रोहा, पेण, भोर या पट्ट्यातलं असलं, की मग पुढचं बोलणं सोपं जातं. तुमच्या बाबतीत घरची परंपरा स्पष्ट आहे, म्हणून पुढचं सगळं सीकेपी धरून लिहितो.

आता मुलीनं जे वाचलं ते. ते खोटं नाही. याज्ञवल्क्य स्मृतीत राजाला सांगितलं आहे की ठक, चोर, दुर्वृत्त लोक यांच्यापासून प्रजेचं रक्षण कर आणि कायस्थांपासून तर विशेष कर. तिथं कायस्थ म्हणजे लेखक आणि गणक, असा अर्थ मिताक्षरा या त्या स्मृतीवरच्या टीकेत दिला आहे. ‘मृच्छकटिका’त न्यायसभेचं वर्णन समुद्र म्हणून येतं आणि त्या समुद्रातले साप म्हणजे कायस्थ. काश्मीरच्या क्षेमेंद्रानं अकराव्या शतकात कायस्थांवर बोचरं उपहासकाव्य लिहिलं आणि शंभरएक वर्षांनी कल्हणानं ‘राजतरंगिणी’त त्यांच्यावर तेवढीच कठोर टीका केली.

पण दुसरे पुरावेही तिला दाखवा. आजच्या बांगलादेशात दामोदरपूरला गुप्तकाळातले, पाचव्या-सहाव्या शतकातले ताम्रपट सापडले. जमिनीची खरेदी मंजूर करणाऱ्या तिथल्या मंडळात नगरश्रेष्ठी (नगरशेठ), सार्थवाह (व्यापारी तांड्यांचा प्रमुख) आणि प्रथमकुलिक (कारागिरांचा प्रमुख) यांच्या बरोबरीनं प्रथमकायस्थ, म्हणजे मुख्य लेखक, बसलेला दिसतो. म्हणजे जमिनीचा व्यवहार पक्का व्हायचा तर लेखकाची हजेरी लागायची. या टप्प्यावर ‘कायस्थ’ हे पद आहे. ते वंशपरंपरेनं चालत गेलं, त्याच कामाच्या घरांत सोयरिकी झाल्या आणि सावकाश जाती बनल्या. उत्तरेत चित्रगुप्ताला मूळपुरुष मानणारे श्रीवास्तव, सक्सेना, माथुर, भटनागर वगैरे, बंगालात घोष, बसू, मित्र, आणि आपल्याकडे चंद्रसेन राजाची कथा सांगणारे प्रभू. हे सगळे एकाच घराचे नव्हेत. प्रत्येक प्रांतात राज्याला लिहिणारे लागले आणि प्रत्येक ठिकाणी अशी ज्ञाती उभी राहिली.

चंद्रसेनाची कथा तुम्हाला माहीत असेलच. परशुरामानं क्षत्रियांचा संहार केला, तेव्हा चंद्रसेनाची गरोदर राणी दाल्भ्य ऋषींच्या आश्रमात लपली. मुलगा तलवार धरणार नाही, लेखणी धरील, या अटीवर परशुरामानं त्याला जीवदान दिलं. ही कथा रेणुकामाहात्म्यात येते. मी तिच्याकडे घटना म्हणून पाहत नाही, त्या समाजानं स्वतःबद्दल केलेलं निवेदन म्हणून पाहतो. आम्ही जन्मानं क्षत्रिय आणि कामानं लेखक, असा दावा त्यात आहे. तुमच्या मुलीचा प्रश्नही नेमका तोच आहे, म्हणजे तो आजचा नाही.

‘मुद्राराक्षसा’तला एक प्रसंग मला या सगळ्यांपेक्षा जास्त शिकवून जातो. चाणक्याला राक्षस नावाच्या, नंदांच्या अमात्याविरुद्ध एक खोटं पत्र तयार करायचं आहे. तो म्हणतो, श्रोत्रियाचं, म्हणजे वेदपाठी ब्राह्मणाचं, अक्षर कितीही मन लावून काढलं तरी अस्पष्टच येतं. म्हणून तो ते पत्र शकटदास कायस्थाकडून लिहून घेतो. शकटदास राक्षसाचा विश्वासू माणूस आहे, आपण काय लिहून देतो आहोत हे त्याला कळत नाही आणि पुढे त्याचंच अक्षर राक्षसाविरुद्धचा पुरावा ठरतं. लेखकाचं अक्षर सुंदर होतं, एवढाच याचा अर्थ नाही. ते अक्षर ओळखू येत होतं आणि ओळखू येतं म्हणून त्यावर विश्वास बसत होता. मोडी कागद वाचताना हे रोज जाणवतं. शिक्का झिजलेला असतो, तारीख फाटलेली असते, पण एका घराण्याचं वळण एकदा डोळ्यांत बसलं की कागद कोणाच्या हातचा ते कळतं.

आता महाराष्ट्रात येऊ. निजामशाही, आदिलशाहीच्या काळात वरचा दरबारी पत्रव्यवहार फारसीत चालला तरी गाव आणि परगण्याचे हिशेब मराठीत, मोडीतच राहिले. गावाला पाटील आणि कुलकर्णी, परगण्याला देशमुख आणि देशपांडे किंवा देशकुलकर्णी. पाटील-देशमुख वसुली आणि बंदोबस्त बघणार, कुलकर्णी-देशपांडे लिहिणार. देशावर हे लिहिण्याचं वतन बहुतेक ब्राह्मण घरांकडे होतं. मावळ आणि उत्तर कोकणात ते अनेक ठिकाणी प्रभूंकडे होतं. बाजीप्रभू देशपांडे हे हिरडस मावळातले, बांदल देशमुखांच्या पदरचे. १३ जुलै १६६० ला घोडखिंडीत, म्हणजे पावनखिंडीत, पडले ते बाजीप्रभू वतनानं परगण्याचे लेखक होते, हे लोकांच्या लक्षातच राहत नाही. १६६५ मध्ये पुरंदरावर दिलेरखानाशी लढताना पडलेले मुरारबाजी हेही देशपांडेच. म्हणून ‘लेखणी की तलवार’ हा प्रश्न सतराव्या शतकातल्या मावळच्या माणसाला पडलाच नसता. वतन राखायचं तर हिशेब यावा लागे आणि ते हिसकावायला आलेल्याला अडवायलाही यावं लागे.

आणि आता तुमच्या आडनावाकडे. कृष्णाजी अनंत सभासद यांनी १६९४ च्या सुमारास, राजाराम महाराज जिंजीला असताना लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या गडांची व्यवस्था सांगितली आहे. गडावर हवालदार आणि सरनोबत मराठे, सबनीस ब्राह्मण, कारखानीस प्रभू. हवालदाराकडे किल्ल्या आणि एकूण ताबा. सरनोबताकडे शिबंदी, म्हणजे गडावरची फौज, आणि पहारा. सबनिसाकडे हजेरीपट आणि कागदपत्र. कारखानिसाकडे कोठारं: भात, नागली, मीठ, तूप, तेल, दारूगोळा, लाकूडफाटा, कापड, जे काही गडावर चढलं आणि खर्ची पडलं त्याचा जमाखर्च. कोणतंही काम एकट्यानं करायचं नाही, सगळ्यांच्या विचारानं करायचं. एकजण फितूर झाला तरी गड जाऊ नये, हा त्यामागचा हेतू.

ही मांडणी मला फार शहाणपणाची वाटते, म्हणून जरा थांबतो. गडाची माणसं किती ते एकाच्या वहीत आणि धान्य किती ते दुसऱ्याच्या वहीत. सबनिसानं हजेरी फुगवली तर कारखानिसाच्या कोठारातून तेवढं धान्य बाहेर पडलेलं दिसलं पाहिजे. कारखानिसानं धान्य विकलं तर हजेरीपटाशी मेळ बसणार नाही. दोन लेखक दोन वेगळ्या ज्ञातींचे, म्हणजे सोयरिकीनं बांधलेले नाहीत, हे मुद्दाम केलेलं होतं. जातीचा वापर इथं तपासणीची सोय म्हणून झाला आहे. तुमच्या मुलीला सांगा की तिच्या आडनावाचा मूळ अर्थ ‘गडाच्या कोठाराचा जबाब देणारा’ असा आहे. वेढा पडला तर गड किती महिने तग धरील, याचा आकडा त्याच्याच वहीत असे.

याच पद्धतीचा पुढचा अवतार म्हणजे दरकदार. पेशवाईत परगण्यावर मामलेदार नेमला तरी त्याच्यासोबत दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार, पोतनीस असे दरकदार असत. त्यांना मामलेदार आपल्या मर्जीनं काढू शकत नसे. हिशेबावर त्यांची निशाणी नसेल तर हुजुरात, म्हणजे वरच्या मुख्य कचेरीत, तो हिशेब रुजू होत नसे.

सीकेपींच्या इतिहासात सगळ्यात मोठं नाव बाळाजी आवजी चिटणिसांचं. त्यांच्याबद्दल जे सांगितलं जातं त्याचे दोन थर आहेत आणि ते वेगळे ठेवलेले बरे. पहिला थर घराण्याच्या परंपरेचा: वडील आवजी हरी जंजिऱ्याच्या सिद्दीकडे होते, सिद्दीनं त्यांना मारलं, मुलं आणि त्यांची आई राजापूरच्या बाजारात विकायला आली आणि तिथून बाळाजी महाराजांच्या सेवेत आले. कोऱ्या कागदावरून पत्र वाचून दाखवल्याची आख्यायिकाही याच थरातली. दिवसभरात पत्र लिहायला सवड झाली नाही, रात्री महाराजांनी वाचायला सांगितलं आणि बाळाजींनी कोरा कागद हाती धरून न अडखळता सगळं पत्र म्हणून दाखवलं. घटना घडली असो वा नसो, चिटणिसाच्या कामाची नेमकी जाण त्यात आहे. चिटणीस म्हणजे नुसता नकला उतरवून घेणारा नव्हता. धन्याच्या मनातलं ऐकून, समोरच्याचा दर्जा ओळखून, कोणता शब्द जड जाईल आणि कोणता हलका पडेल हे तोलून मजकूर रचणं, हे त्याचं काम.

दुसरा थर कागदांचा. १६८१ मध्ये संभाजी महाराजांविरुद्धच्या कटात अण्णाजी दत्तो यांच्याबरोबर बाळाजी आवजींचं नाव आलं आणि त्यांना देहदंड झाला. पण त्यांचे चिरंजीव खंडो बल्लाळ त्याच संभाजी महाराजांच्या सेवेत चिटणीस झाले, पुढे राजाराम महाराजांबरोबर जिंजीला गेले आणि मग शाहू महाराजांच्या पक्षाला आले. बापाला देहदंड आणि मुलाकडे दप्तर. हे विचित्र वाटतं, पण दप्तर चालवणारी माणसं एका रात्रीत तयार होत नाहीत. कोणाशी कोणता करार झाला, कोणाला कोणता मायना (पत्राच्या आरंभीचं संबोधन) लिहायचा, कोणतं इनाम कोणत्या अटीवर दिलं, हे त्या घराच्या डोक्यात आणि रुमालात होतं.

इथं एक सावधगिरी. बाळाजींच्या कथा ज्या बखरीतून आपल्यापर्यंत आल्या, ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मल्हार रामराव चिटणीस यांनी लिहिली आणि ते बाळाजींचेच वंशज. लेखक घराण्यानं राज्याचा इतिहास लिहिला आणि त्यात आपल्या पूर्वजाची जागाही ठरवली. संभाजी महाराजांचं जे चित्र या बखरीत उमटलं, त्यावर घराण्याच्या जुन्या जखमेची छाया आहे असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. वा. सी. बेंद्रे यांच्यासारख्या संशोधकांनी विसाव्या शतकात मूळ कागदांच्या आधारे ते चित्र पुन्हा तपासलं. माझ्यापुरता नियम सोपा आहे: बखर आणि समकालीन पत्र यांत फरक पडला तर पत्राच्या बाजूनं उभं राहायचं, मग बखर आपल्या घरची असली तरी.

इथपर्यंत जे आलं ते असं: कायस्थ हे आधी पद होतं, मग जात झाली, मावळ-कोकणात प्रभूंकडे लिहिण्याची वतनं होती आणि त्यांतली माणसं लढलीही, मराठी राज्यात गड, परगणा आणि हुजूर या तिन्ही पायऱ्यांवर त्यांचं काम दिसतं. आता रोषाची बाजू, कारण मुलीचा खरा सल तिथं आहे.

गावच्या शेतकऱ्याला राज्य म्हणजे काय दिसायचं? कुलकर्ण्याची वही. कोणाची जमीन किती, ती जिराईत की बागाईत, गेल्या साली बाकी किती राहिली, यंदा सूट मिळाली ती कोणाच्या नावावर पडली, हे सगळं त्या वहीत. आणि ती वाचता येणारा माणूस गावात एकच. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, नावं आणि परिमाणं एका अक्षरावर आटोपलेली असतात: मौजेचं ‘मौ’, परगण्याचं ‘प’. कागद घाईनं लिहिता यावा म्हणून ही लिपी अशी वळली, पण निरक्षर कुणब्याच्या दृष्टीनं ती बंद पेटीच होती. वहीत ‘बाकी’ लिहिलं की बाकी. महात्मा फुल्यांनी कुळकर्णी आणि कारकून यांच्यावर जे आसूड ओढले, ते याच अनुभवातून. त्यांचा मुख्य रोख ब्राह्मण कारभाऱ्यांवर होता, पण लेखणीच्या मक्तेदारीबद्दल ते जे म्हणाले ते वतनदार प्रभूंनाही लागू पडतं. हे मान्य करण्यात मला संकोच वाटत नाही आणि तुम्हालाही वाटू नये.

वरच्या सत्तेलाही या वतनदारांची धास्ती होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात देशमुख, देशकुलकर्णी, पाटील यांना नुसते वतनदार समजू नका, ते लहान पण स्वतंत्र देशनायकच आहेत, अशा अर्थाचा इशारा आहे. शाहू छत्रपतींनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतनं रद्द करून पगारी तलाठी नेमले. मुंबई राज्यात १९५० च्या कायद्यानं परगणा आणि कुलकर्णी वतनं संपली. तुमच्या घरात जो शेवटचा वतनी कागद असेल, तो बहुधा याच काळातला निघेल.

वर्णाचा वाद याच्याच शेजारी ठेवून बघा, म्हणजे तो कळतो. प्रभूंना वेदोक्त, म्हणजे वेदमंत्रांनी करायच्या, कर्मांचा अधिकार आहे की नाही यावरून पेशवाईत आणि नंतरही ग्रामण्यं, म्हणजे जातीचे जाहीर वाद, झाली. ज्या गागाभट्टांनी १६७४ मध्ये महाराजांचा राज्याभिषेक केला, त्यांनीच कायस्थांच्या धर्मकृत्यांवर ग्रंथ रचला होता. १८२४ ते १८३८ या काळात बडोदे, पुणे आणि सातारा इथं हा वाद पुन्हा पेटला. कोणी ‘नमस्कार’ म्हणायचं आणि कोणी ‘दंडवत’, यावरूनही त्या काळात जातीजातींत तंटे झाले. उत्तरेतल्या कायस्थांना १८८४ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयानं शूद्र ठरवलं आणि पुढे पाटणा उच्च न्यायालयानं क्षत्रिय. आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाड्यांनी कायस्थ प्रभूंविषयी जे लिहिलं त्याला प्रबोधनकार ठाकरे यांनी १९१८ मध्ये ‘कोदंडाचा टणत्कार’ लिहून उत्तर दिलं. हे सगळं वाचून माझं मत असं झालं आहे की भांडण मंत्रांचं असलं तरी त्याच्या मुळाशी फार वेळा जागा होत्या. फडावर, दरबारात, संस्थानाच्या दिवाणखान्यात एकाच कामासाठी दोन-तीन लेखक ज्ञाती एकमेकींसमोर होत्या. बडोद्यात रावजी आप्पाजी गायकवाडांचे दिवाण झाले, प्रभू मंडळींचं तिथं वजन वाढलं आणि वेदोक्ताचा वाद पेटलेल्या गावांत पुढे बडोदंही आलं, हा मला योगायोग वाटत नाही.

लेखणीची चांगली बाजू बघायची असेल तर रंगो बापूजी गुप्ते यांच्याकडे बघा. इंग्रजांनी १८३९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि अर्ज, निवेदनं, भाषणं या मार्गानं तिथं सुमारे चौदा वर्षं झगडत राहिले. कागदानं न्याय मिळेना तेव्हा १८५७ च्या उठावाच्या तयारीत सामील झाले. त्यांच्या मुलाला फाशी झाली, ते स्वतः कधीच सापडले नाहीत. आणि अगदी अलीकडचं हवं असेल तर महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. कोठाराचा जबाब देण्याचं काम देशाच्या पातळीवर गेलं, असं मी म्हणेन.

आता तुमची पेटी. सुरुवात सगळ्यात जुन्या दिसणाऱ्या कागदापासून करू नका. आधी रुमाल जसा बांधला आहे तसा त्याचा फोटो घ्या आणि कागदांचा क्रम मोडू नका. कोणता कागद कशाशेजारी ठेवला होता, हीसुद्धा माहिती असते; पुष्कळदा दाव्यासाठी लागणारे कागद पूर्वजांनी एकत्र बांधलेले असतात.

मग प्रत्येक कागदाचा माथा आणि शेवट बघा. माथ्यावर ‘श्री’, त्याखाली मायना. ‘राजमान्य राजश्री’ असेल तर बरोबरीच्या माणसाला किंवा अधिकाऱ्याला, ‘मशहुरुल अनाम’ असेल तर बहुधा पाटील किंवा सरदाराला, ‘तीर्थरूप’ किंवा ‘चिरंजीव’ असेल तर घरगुती. मायन्यावरून तुमच्या पूर्वजाला वरचे लोक कोणत्या पायरीवर धरत होते ते कळतं. मुलीच्या ‘आपण कोण’ या प्रश्नाला याहून सरळ पुरावा मिळणं कठीण.

सन बहुधा अरबी शब्दांत असेल. उदाहरणार्थ ‘खमस सबैन व अलफ’: पाच, सत्तर आणि हजार मिळून १०७५. हा शुहूर सन. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १६७४ येतो; सन मृग नक्षत्रापासून बदलत असल्यानं जानेवारी ते मे या महिन्यांसाठी ६०० मिळवायचे. राज्याभिषेकाचा दिवस याच सनातला. वतनाचे बनावट कागद पूर्वीही पुष्कळ तयार झाले आणि ते सनात हमखास अडकतात. कागद म्हणतो शिवकाळ, आणि सन, शिक्का, अक्षर तिन्ही वेगवेगळ्या काळाचे. अक्षराचं वळण इथं उपयोगी पडतं: शिवकाळात रूढ झालेलं चिटणिशी वळण आणि पेशवाईतलं घोटीव बिवलकरी वळण शेजारी ठेवलं तर नवख्यालाही फरक दिसतो.

शेवटी ‘मोर्तब सूद’, ‘रुजू’ असे शिक्का झाल्याचे आणि नोंद झाल्याचे शेरे, साक्षीदारांची नावं आणि निशाण्या. महजर असेल, म्हणजे गावसभेत झालेल्या निवाड्याचा कागद, तर पाटलाच्या नावापुढे नांगराचं चित्र असतं. त्या चित्राकडे मुलीचं लक्ष मुद्दाम वेधा. गावचा प्रमुख नांगर काढतो आहे आणि त्याच कागदावर ‘बिकलम अमुक’ म्हणून लिहिणाऱ्याचं नाव आहे. दोघांच्या मधलं अंतर त्या एका पानावर मोजता येतं.

जमाखर्चाचे कागद लोक कंटाळवाणे म्हणून बाजूला टाकतात. तुम्ही टाकू नका. तुमचं आडनाव ज्या कामावरून पडलं त्याची नोंद सनदेपेक्षा तिथंच असण्याची शक्यता जास्त. खंडी, मण, पायली, शेर असे शब्द एकाखाली एक आणि शेवटी ‘बाकी’ दिसलं की तो कागद वेगळा काढून ठेवा. घरी काही मिळालं नाही तर पुण्याचं पुराभिलेखागार, म्हणजे पेशवे दप्तर, आहेच. पण तिथं जाताना गाव, तर्फ आणि साधारण काळ हाताशी ठेवा. नुसतं आडनाव घेऊन गेलात तर काही हाती लागणार नाही.

जपणुकीचं थोडक्यात: लॅमिनेशन करू नका, फाटल्या जागी सेलोटेप लावू नका, घडी जबरदस्तीनं उलगडू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून धुतलेल्या सुती कापडात बांधा, जुन्या रुमालासारखंच.

वाचून हवं असेल तर आधी कोणतेही दोन-तीन कागद पाठवा. फोटो सावलीत, सरळ वरून घ्या आणि मागची बाजूही घ्या. मागे बहुतेक वेळा एक-दोन ओळींचा शेरा असतो, कागद कोणत्या प्रकरणातला आहे आणि कोणाच्या दप्तरी दाखल झाला याचा. वाचायला मी तिथूनच सुरुवात करतो.